बर्निटा वर्थच्या वाळूतल्या उड्या

लांब उडी ह्या प्रकाराची जेवढी हेटाळणी बर्निटा वर्थनं केली तेवढी सेंट लिओबा कॉलेजात दुसऱ्या कुणी केली नसेल, आणि त्या कॉलेजातला मुलींच्या लांब उडीचा प्रत्येक विक्रम तिच्याच नावावर होता. "पळत जायचं आणि वाळूत ढुंगण आपटायचं," ती म्हणायची. "ह्यात टाळ्या पिटण्यासारखं काय आहे? आमच्या परसातली मांजरं रोज हेच करतात. निदान नंतर वाळू ओढून घेण्याइतकी लाज तरी असते त्यांना."

हा नाक मुरडण्याचा गुण तिनं कमावलेला नव्हता. बापाकडून आयता आला होता. अलॉइस वर्थचा नॉयडोर्फमध्ये खाटीकखाना होता. पश्चिम कॅन्ससमधलं ते गाव म्हणजे चर्चचे दोन मनोरे, धान्याचं एक उंच कोठार आणि दोहोंच्या मधे अलॉइसचं दुकान. आसपासचे शेतकरी आपापली डुकरं-वासरं आणून सोडत, अलॉइस ती कापून, कागदात बांधून, वर नाव घालून शीतघरात ठेवी. माणूस कसा आहे हे त्याच्या जनावराच्या बरगड्यांवरून कळतं असं त्याचं ठाम मत होतं, आणि ह्या कसोटीला गावातली फारच थोडी माणसं उतरत. रविवारी फादर प्रवचन देत असताना अलॉइस पुढच्या बाकावरच्या माना न्याहाळत कुणाचे किती पौंड निघतील ह्याचा अंदाज बांधत बसे. पोरगी त्याच्या शेजारी बसायची. ती तेच शिकली.

शाळेत ती उड्या मारायला लागली ती केवळ गाण्याच्या तासाला बसायचं टळावं म्हणून. तिच्या पायांत काय होतं देव जाणे. सराव नाही, शिस्त नाही, बुटांच्या नाड्यासुद्धा धड बांधलेल्या नसायच्या. पण फळीवर पाय पडला की ती अशी वर जायची की वाळू सारखी करणारा माणूस फावडं टाकून बघत राहायचा. जिल्ह्याच्या स्पर्धेत अशीच एक उडी सेंट लिओबाच्या कोच डेल स्ट्रेकरनं पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी तो अलॉइसच्या दुकानात येऊन उभा राहिला.

हा स्ट्रेकर मुळात फुटबॉलचा दुय्यम कोच. उरलेल्या वेळात पोरांना गाडी चालवायला शिकवायचा. सरकारनं कायदा केला की कॉलेजात मुलांचे संघ असतील तर मुलींचेही हवेत, तेव्हा कॉलेजनं सगळ्यात कमी कामाचा माणूस शोधला आणि मुलींचा संघ त्याच्या गळ्यात बांधला. नव्यानं माळ घातलेल्या माणसासारखा तो त्यात वाहून गेला. त्याला उडीचं वेड लागलं. आणि त्याच्या डोळ्यांना तर काही धरबंधच नव्हता. कुणी जिंकलं की रडायचा, हरलं की रडायचा, राष्ट्रगीत लागलं की रडायचा.

"मिस्टर वर्थ," तो काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "तुमच्या मुलीला देवानं देणगी दिलीय."

अलॉइसनं हातातला सुरा थांबवला नाही. "कसली?"

"लांब उडीची!"

"तिचं काय करायचं असतं?"

स्ट्रेकरला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "फी माफ. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं कॉलेजकडून. चार वर्षं."

"उड्या मारल्याबद्दल?"

"उड्या मारल्याबद्दल."

आता मात्र सुरा थांबला. अलॉइसनं त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं, बहुधा पौंडांचा अंदाज घेतला, आणि मागे वळून हाक मारली, "बर्निटा! हा माणूस वेडा आहे. पण खोटारडा वाटत नाही. जाऊन ये."

अशी ती कॉलेजात गेली.

तिथला वाळूचा खड्डा म्हणजे फुटबॉलच्या मैदानामागे, उकिरड्याला लागून, कुणीतरी खणून विसरून गेलेली जागा. पहिल्या दिवशी सगळ्या मुलींना स्ट्रेकरनं त्याभोवती गोल उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितलं. "आपापली सर्वोत्तम उडी डोळ्यांसमोर आणा," तो म्हणाला. सगळ्या मुलींनी डोळे मिटले. बर्निटानं उघडे ठेवले, म्हणून तिला दिसलं की शेजारच्या मुलीनं नुसते डोळे मिटलेले नाहीत, तिचे ओठही पुटपुटत आहेत.

ही आर्डिथ स्लोन. नेब्रास्काची. बाप शाळेची बस चालवायचा. बारीक, चष्मेवाली, खांदे किंचित वाकलेले. आर्डिथला लांब उडीशिवाय जगात दुसरं काही नको होतं, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींमध्ये नेमकी लांब उडीच तिला बेताची जमत होती. ती टेप लावून आपली धाव मोजायची, मातीवर खुणा करायची, पुस्तकं वाचायची, गोड खायची नाही. मैदानावर सगळ्यांच्या आधी यायची आणि शेवटी जायची. एवढं करून तिची उडी जिथे संपायची तिथून पुढे बर्निटाची सुरू व्हायची.

"काय पुटपुटत होतीस गं?" बर्निटानं विचारलं.

"प्रार्थना."

"उडीसाठी? देवाला दुसरे उद्योग नाहीत?"

आर्डिथ चष्मा पुसत म्हणाली, "असतील. पण मला नाहीत."

पहिल्याच स्पर्धेत बर्निटानं कॉलेजचा विक्रम मोडला. तो मोडेपर्यंत असा काही विक्रम आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग कुणीतरी जुनी कागदपत्रं चाळली आणि निघालं काय, तर दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हिल्डेगार्ड नावाच्या विद्यार्थिनीनं तो केला होता, आणि ही हिल्डेगार्ड म्हणजेच नन होऊन, नाव बदलून आता जीवशास्त्र शिकवणारी सिस्टर हिलट्रुड. स्ट्रेकरला तर आनंदाचा उमाळाच आला. केक आणला, वर्तमानपत्राचा फोटोवाला आणला, आणि जुन्या-नव्या विजेत्यांना शेजारी उभं करून स्वतः मधे घुसला.

सिस्टर हिलट्रुड कॅमेऱ्याकडे न बघता बर्निटाकडे बघत होती. "मी लांब झग्यात मारली होती," ती म्हणाली. "आणि खड्ड्यात वाळू नव्हती, लाकडाचा भुसा होता."

"मग आता मारून बघा की," बर्निटा म्हणाली.

"आगाऊ आहेस. उद्या आठ वाजता बेडूक कापायचाय, वेळेवर ये. आणि तोंडावर हे जे काय चिकटलंय ना, जगाला नाक मुरडल्यासारखं, ते पुसून ये. बेडकानं तुझं काही वाकडं केलेलं नाही."

सबंध कॉलेजात बर्निटानं मान दिला तो एवढ्या एका बाईला. तिनं टाळ्या वाजवल्या नव्हत्या म्हणून.

बाकीच्यांची मात्र तिनं पिसं काढली. पुढची तीन वर्षं ती जिथे जाई तिथे आपलाच विक्रम मोडून येई. दर वेळी तोच तमाशा. स्ट्रेकरचे डोळे, फोटो, कॉलेजचे अध्यक्ष असलेल्या फादरांचा ओलसर हात, आणि कॉलेजच्या मासिकात 'आमची आकाशकन्या' असल्या मथळ्याखाली दोन पानं. आकाशकन्या! बर्निटानं ते पान खाटीकखान्यात पाठवलं आणि अलॉइसनं त्यात डुकराचे पाय बांधून दिले. कॉलेजला तिच्या उडीचं काडीइतकं प्रेम नव्हतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. बसमध्ये पुरेशी जागा नसली की मुलींनाच मागे ठेवत, उन्हाळी गणवेश म्हणून मुलांचे जुने शर्ट देत, आणि उकिरडा जिथल्या तिथे होता. पण फोटो काढायचा म्हटला की सगळ्या फादर-सिस्टरांचे काळे झगे वाऱ्यावर फडफडत मैदानावर हजर.

सरावाला ती आली तर आली. स्ट्रेकर हातवारे करत, गुडघे उचलत सांगायचा, "बर्निटा, धावेचा शेवट असा, हे बघ, असा लयीत!" त्याचं पोट त्याच्या लयीत नाही एवढंच ती सांगायची. स्पर्धेत दोन उड्यांच्या मधे ती खड्ड्याशेजारी फतकल मारून बापाकडचं सॉसेज पावात घालून खायची. समोरच्या मुली पाय ताणत, श्वास मोजत, पांढऱ्याफटक पडत आणि ही तोंडाला लागलेली मोहरीची चटणी पुसत उठायची आणि त्यांच्यापेक्षा फूटभर पुढे जाऊन पडायची. काही मुली तर ते सॉसेज बघूनच खचत. हे तिला कळत होतं. त्यात तिला मजा येत होती.

सगळ्यात जास्त तिनं छळलं आर्डिथला.

चौथ्या वर्षीच्या हिवाळ्यात बाहेर बर्फ होतं, म्हणून आर्डिथ व्यायामशाळेच्या तळघरात चटया टाकून सराव करायची. एकटीच. चटईवर खडूनं आपल्या सर्वांत लांब उडीची रेघ ओढून ठेवलेली. एक दिवस जेवणघरातून परतताना बर्निटा तिथे डोकावली. हातात सफरचंद, अंगात जीन्स.

"हे काय?" तिनं रेघेकडे बोट दाखवलं.

"माझी आजवरची सर्वांत लांब."

बर्निटा मागे गेली, सफरचंद हातात तसंच ठेवून धावली आणि रेघेच्या चांगली पलीकडे जाऊन उतरली. मग तिनं सफरचंदाचा चावा घेतला. "घे," ती चावत चावत म्हणाली. "तुझं सबंध वर्ष."

बर्निटा वाट बघत होती, आता ही रडेल, नाहीतर शिवी देईल. आर्डिथनं चष्मा वर सरकवला.

"तुझ्या पायानं चटई सरकलीय," ती म्हणाली. "जागेवर लाव."

आणि बर्निटानं वाकून चटई जागेवर लावली. का लावली हे तिला स्वतःलाही कळलं नाही. जिना चढताना तिला स्वतःचाच राग आला, आणि तो तिनं पुढे महिनाभर आर्डिथवर काढला.

त्याच वर्षी वसंतात प्रांतातल्या लहान कॉलेजांची स्पर्धा होती. सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की लांब उडीचं पदक वर्थच्या गळ्यात पडणार. बर्निटानंही धरून ठेवलं होतं, म्हणून ती आदल्या आठवड्यात सरावाला एकदाही गेली नव्हती. वर सर्दी झाली होती. पहिल्या उडीला पाय फळीच्या पुढे पडला, पंचानं लाल झेंडा दाखवला, उडी बाद. दुसरी तशीच. तिसरी तिनं सांभाळून मारली आणि कशीबशी दुसरी राहिली.

पहिली होती आर्डिथ स्लोन.

कसं झालं कुणालाच कळलं नाही. चार वर्षं जी मुलगी दर वेळी तेवढ्याच अंतरावर जाऊन पडत होती ती त्या दिवशी एकदम वीस फुटांच्या दोन इंच अलीकडे जाऊन उतरली. वाळूतून उठताना तिचा चष्मा दोरीनं लटकत होता आणि ती पंचाकडे अशी बघत होती की त्यानं चुकून दुसऱ्या कुणाची उडी मोजली असावी. स्ट्रेकर अर्थातच रडला.

पुढच्या दोन फेऱ्यांत फरक पडला नाही. शेवटची फेरी आली. बर्निटाची एक उडी राहिली होती, तिच्यानंतर आर्डिथची एक. आणि बर्निटा बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

तिच्या मनात काय होतं ते सरळ सांगायचं तर दयाच होती, पण तिच्यासारख्या बाईच्या मनात येते तशी दया. घेऊ दे बिचारीला तो पत्र्याचा तुकडा, आपल्याला काय करायचंय. भिकाऱ्याकडे न बघता त्याच्या वाडग्यात नाणं टाकावं तशी.

आर्डिथ समोर येऊन उभी राहिली. "काय करतेस?"

"पोट दुखतंय."

"खोटं बोलू नकोस."

"अगं, दुखतंय म्हटलं ना. तू जिंकलीस. जा, कोचच्या गळ्यात पड."

आर्डिथ खाली वाकली. तिचा आवाज चढला नव्हता. "चार वर्षं तू माझी थट्टा केलीस. केलीस ना? मी एक शब्द बोलले नाही. ते मला चालत होतं. हे चालणार नाही, बर्निटा. नाड्या बांध."

"वेडी आहेस का तू? हरशील!"

"मग हरव. ऊठ."

"आणि नाही उठले तर?"

"तर मी जाऊन पंचांना सांगते की पोटबिट काही दुखत नाहीये, हिनं मला पदक भीक म्हणून घातलंय. सगळ्यांसमोर सांगते. माईकवर सांगते."

ती सांगितल्याशिवाय राहिली नसती. बर्निटानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला समोरच्या माणसाचे पौंड मोजता आले नाहीत. तिनं नाड्या बांधल्या. जन्मात बांधल्या नव्हत्या इतक्या घट्ट.

ती धावली तेव्हा रागानं तिच्या कानांत नुसता घण वाजत होता. राग आर्डिथचा, की त्या नाड्यांचा, की आपण पकडले गेलो ह्याचा, कुणास ठाऊक. फळी बरोबर पायाखाली आली. ती वर गेली आणि वर असताना, एरवी तिला तिथे कंटाळा यायचा, त्या दिवशी तिला वाटलं की हे अजून थोडं चालू राहावं.

वीस फूट अकरा इंच. पंचांनी टेप दोनदा लावली. प्रांतात एवढी लांब उडी तोवर कुठल्या मुलीनं मारली नव्हती.

बर्निटा वाळूतच बसून राहिली. तिला हसू येत होतं आणि हसण्याची भीतीही वाटत होती. मग आर्डिथची पाळी आली. तिनं नेहमीसारखी पुटपुट केली, धावली, जीव तोडून उडाली, आणि आपल्या नेहमीच्याच ठिकाणी जाऊन पडली. दुसरी आली. कपडे झाडून ती प्रेक्षकांच्या बाकांमागे गेली आणि भडाभडा ओकली. तोंड पुसत परत आली तेव्हा बर्निटा तिथेच उभी होती.

"बरी होती," आर्डिथ म्हणाली. "अशीच मारायला हवी होतीस. आधीपासून."

बर्निटाला काहीतरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात स्ट्रेकर आला, त्यानं तिला कंबरेला धरून उचललं आणि गोल फिरवलं. वार्ताहरांना त्यानं सांगितलं की धावेच्या शेवटी त्यानं हिवाळाभर जी लय घोटून घेतली तिचंच हे फळ. हिवाळाभर! हिवाळाभर ती तळघरात फक्त एकदा गेली होती, तेही सफरचंद खायला. बर्निटाच्या तोंडावर तो जुना भाव परत येऊन बसला.

त्या उडीवर तिला राष्ट्रीय स्पर्धेचं बोलावणं आलं. स्पर्धा टेक्सासात होती. निघायच्या आदल्या दिवशी सिस्टर हिलट्रुडनं तिला प्रयोगशाळेत गाठलं.

"भीती वाटते का?"

"वाळूची?" बर्निटा हसली.

"मला तर दर वेळी वाटायची," सिस्टर म्हणाली आणि बरण्या पुसायला वळली.

टेक्सासात ऊन रणरणत होतं. बर्निटा खड्ड्याशेजारी फतकल मारून बसली, पिशवीतून सॉसेज काढलं आणि सवयीनं आजूबाजूला पाहिलं. कुणी बघत नव्हतं. एकाही मुलीचं लक्ष नव्हतं. त्या आपापल्या कामात होत्या. कुणी टेप लावून धाव मोजत होती, कुणी डोळे मिटून बसली होती, एकीचे ओठ पुटपुटत होते. मग त्या उडायला लागल्या. बर्निटाच्या हातातलं सॉसेज तसंच राहिलं. आर्डिथची चिकाटी आणि बर्निटाचे पाय एकाच अंगात असले तर काय होतं ते तिला त्या दिवशी दिसलं, आणि असली अंगं तिथे एकदोन नव्हती, चांगली डझनभर होती.

पहिली उडी लाल. दुसरी लाल. धाव कशी मोजायची हे तिला माहीतच नव्हतं. पायांना आपोआप कळायचं ते त्या दिवशी कळेना. तिसरी तिनं घाबरत घाबरत फळीच्या वीतभर अलीकडून मारली. एकोणीस फूट आणि काहीतरी. तिला पुढच्या फेरीत घेतलं नाही. पहिली आलेली मुलगी एकवीस फुटांच्या कितीतरी पुढे गेली आणि उठून शांतपणे बूट बदलायला लागली.

त्या दिवशी स्ट्रेकर रडला नाही. तो तिच्या शेजारी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि म्हणाला, "थंड काही पिणार का?" तो रडला असता तर तिला बरं झालं असतं. काहीतरी बोलता आलं असतं.

कॉलेजात परतल्यावर आर्डिथनं विचारलं, "कसं झालं?"

"वाळू बारीक होती," बर्निटा म्हणाली. "बुटांत फार जाते."

आर्डिथ टेप उचलून मैदानाकडे गेली.

त्यानंतर बर्निटा वर्थनं कधी उडी मारली नाही. पुढे कुठल्या तरी क्लबानं बोलावलं, तिनं उत्तर दिलं नाही. पदवी घेऊन ती सरकारात मांस तपासनीस झाली, आणि देवानं खरी देणगी दिली होती ती ह्या कामाची, असं तिच्या हाताखालचे लोक म्हणत. मोठमोठ्या कारखान्यांत पांढरा कोट घालून ती साखळीला टांगलेल्या जनावरांपुढून चालत जाई आणि मालकांना घाम फुटे. "हे बाद. तेही बाद. आणि ह्याला तुम्ही डुक्कर म्हणता?" मधे लग्न केलं, ते टिकलं नाही. नवऱ्याबद्दल कुणी विचारलंच तर "बरगड्या दिसत होत्या," एवढंच ती सांगे.

विक्रम मात्र राहिला. मुली आल्या, गेल्या, वीस फुटांच्या आसपास धडपडल्या. कॉलेजनं उकिरडा हलवून तिथे नवं मैदान बांधलं, भिंतीवर पितळी अक्षरांत तिचं नाव लावलं आणि सन्मानासाठी नॉयडोर्फला फोन केला. तो म्हाताऱ्या अलॉइसनं घेतला. "सन्मान? कशाचा?" तो ओरडला. त्याला ऐकू कमी येत होतं. "उड्यांचा? अहो, ती आता चाळिशीची झाली! तुम्ही लोक अजून त्यातच आहात?" आणि त्यानं फोन ठेवून दिला.

स्ट्रेकर निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी आर्डिथ आली. उडी बेताची असलेली बाई शिकवायला अव्वल निघाली. कारण ज्याला उपजत येत नाही त्याला काय काय करावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दर नाताळला ती बर्निटाला कार्ड पाठवायची. बर्निटा पाठवायची नाही. पण एका एप्रिलमध्ये आर्डिथनं फोन केला.

"मोडला," ती म्हणाली.

"काय मोडला? पाय?"

"तुझा विक्रम."

पलीकडे कारखान्याचा खडखडाट चालला होता. त्यावर आवाज चढवून बर्निटानं विचारलं, "वारा किती होता?"

आर्डिथ जी हसत सुटली ती थांबेना.

"हसायला काय झालं?" बर्निटा डाफरली. "पाठीवर वारा जास्त असला तर उडी धरत नाहीत. नियम आहे."

"मोजला होता बाई. नियमात होता. मरीसोल नाव आहे पोरीचं. तुझ्या पुढे दोन इंच."

"मेहनत करते?"

"मरमर."

"एवढी मरमर करून दोनच इंच?"

"तू आहेस तशीच आहेस," आर्डिथ म्हणाली. "शनिवारी स्पर्धा आहे. येऊन बघ."

"मला काय तेवढंच काम आहे?"

शनिवारी ती आली. सगळ्यात वरच्या बाकावर, डोक्यावर कारखान्याच्या नावाची टोपी, हातात बीरॉक, म्हणजे कोबी-मांस भरलेला पाव. कुणी ओळखलं नाही. मरीसोल ठेंगणी, काटक पोरगी. उडी मारण्याआधी ती स्वतःच्या मांड्यांवर चापट्या मारी. ती एकदा उडाली, दोनदा उडाली. बर्निटाचा बीरॉक हातातच गार झाला. तिसऱ्या उडीनंतर ती खाली उतरली, कुंपणापाशी आर्डिथ उभी होती तिथे गेली.

"शेवटची दोन पावलं आखडते ती," बर्निटा म्हणाली. "फळीला घाबरते. सांग तिला."

"तूच सांग ना. ती बघ, तिथेच आहे."

बर्निटानं पोरीकडे पाहिलं. पोरगी वाळू सारखी करत होती.

"मी कशाला सांगू? मला उड्यांतलं काय कळतं?" ती म्हणाली, आणि गाडीकडे चालू लागली.